कीर्द, खतावणी आणि सर्व्हर

जयसिंगपूर हे व्यापारी पेठेचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ते वसवले आणि आखताना गल्ल्यांना क्रमांक दिले. लक्ष्मीपूजनाला पेठेत वहीपूजन होते. आता वहीशेजारी संगणकालाही फूल वाहिले जाते, कारण खरा हिशेब तिथे असतो. साखर कारखान्याच्या काट्यावरचे वजन, पतसंस्थेतली ठेव, दूध संस्थेतला फॅट, विकास संस्थेचे पीककर्ज, तलाठ्याकडचा सातबारा असे सगळे आज कोणत्या ना कोणत्या डेटाबेस सर्व्हरवर आहे. हंगामाच्या तोंडावर इथे ऊस परिषद भरते. तिथला वाद दराचा आणि वजनाचा असतो. तो दर लावायचा कशाला आणि वजन धरायचे कोणते, हे शेवटी एका तक्त्यातली एक ओळ ठरवते.

ती ओळ चटकन सापडली पाहिजे, भलत्याच्या हाती लागता कामा नये आणि काही झाले तरी नाहीशी होता कामा नये. जलद, सुरक्षित आणि भरवशाचा सर्व्हर म्हणजे एवढेच. ही तीन कामे वेगवेगळी सांगितली जातात, पण ती एकमेकांना ओढत असतात. वेगासाठी भरवसा कमी करता येतो, सोयीसाठी सुरक्षा सैल करता येते. म्हणून कोणते आधी सांभाळायचे हे ठरवावे लागते. हा क्रम आपल्या जुन्या दप्तरी शिस्तीत आधीपासून आहे, तो संगणकात कसा उतरला हे या लेखात पाहू.

तक्ता म्हणजेच नाते

१९७० साली एडगर कॉड या आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या गणितज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. तोपर्यंतच्या पद्धतींत माहितीचे तुकडे एकमेकांना साखळीने जोडलेले असत आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती साखळी कुठून कुठे जाते हे पाठ असावे लागे. साखळी बदलली की प्रोग्रॅम मोडे. कॉड म्हणाला, माहिती साध्या तक्त्यांत मांडा; एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध हा केवळ समान मूल्याने ओळखा; आणि विचारणाऱ्याने काय हवे ते सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे. यातून पुढे एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा आली, १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आले, १९९५ मध्ये मायएसक्यूएल आले. पोस्टग्रेसचे काम बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झाले होते. कॉडला १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘रिलेशनल’ म्हणजे तक्त्यांची आपसातली नाती, असे सर्रास शिकवले जाते. कॉडच्या निबंधातले ‘रिलेशन’ हे गणितातले आहे. गट क्रमांक, खातेदार, क्षेत्र ही मूल्ये एका ओळीत एकत्र येतात, हेच नाते. म्हणजे तक्ता स्वतःच नाते आहे.

आपल्या महसुली दप्तराकडे या नजरेने पाहावे. गावाचे नमुने १ ते २१ ठरलेले आहेत. नमुना ७ मध्ये जमिनीचे हक्क, नमुना १२ मध्ये पिके. दोन्ही मिळून सातबारा. तो गट क्रमांकाने लावलेला असतो. पण माणूस येतो तो नाव घेऊन: “माझ्या नावावर काय काय आहे?” त्यासाठी गावातले सगळे सातबारे चाळणे शक्य नसते, म्हणून नमुना ८-अ असतो. तो खातेदाराप्रमाणे लावलेला असतो आणि त्यात त्याच्या गटांचे क्रमांक मिळतात. संगणकाच्या भाषेत सातबारा हा तक्ता झाला आणि ८-अ पुष्कळ अंशी त्याच तक्त्याकडे जाणारी दुसरी सूची, म्हणजे इंडेक्स.

आधी कीर्द, मग खतावणी

जुन्या पेढीवर मुनीम कोणताही व्यवहार थेट खतावणीत लिहीत नसे. आधी कीर्द, म्हणजे घडले तसे तारीखवार टिपण; त्यात समोर खाते पान क्रमांक; मग सवडीने खतावणी. खतावणीचे पान फाटले तरी कीर्दीवरून ते पुन्हा तयार होई. महसुलातही तोच नियम आहे. सातबाऱ्यावर थेट नाव चढत नाही. आधी नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मग सातबाऱ्याला अंमल दिला जातो.

डेटाबेस सर्व्हर अगदी हेच करतो. बदल आधी लॉग नावाच्या सलग फाइलमध्ये लिहिला जातो आणि डिस्कवर पक्का झाला की मगच ‘काम झाले’ असे उत्तर मिळते. मूळ तक्त्याची पाने नंतर सावकाश बदलतात. मधेच वीज गेली तर सर्व्हर पुन्हा चालू होताना लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा लावतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो.

याची गरज एका बिलावरून कळेल. समजा एका शेतकऱ्याचा ६० टन ऊस गेला आणि दर टनाला ३,००० रुपये धरला. बिल झाले १,८०,००० रुपये. त्यातून १,१०,००० रुपये पीककर्जात जमा व्हायचे आहेत आणि ७०,००० बचत खात्यात. म्हणजे तीन नोंदी: बिल ‘अदा’ म्हणून लिहिणे, कर्ज खाते, बचत खाते. दुसऱ्या नोंदीनंतर वीज गेली तर कागदावर बिल अदा झालेले आहे, कर्जही कमी झाले आहे, पण ७०,००० रुपये कुठेच नाहीत. व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन या कल्पनेचा अर्थ असा, की या तिन्ही नोंदी एकत्र होतील किंवा एकही होणार नाही. अखंडता, सुसंगती, परस्परांपासून अलिप्तता आणि टिकाऊपणा हे व्यवहाराचे चार गुण. त्यांच्या आद्याक्षरांवरून १९८३ मध्ये ‘ॲसिड’ हे नाव रूढ झाले.

मोह इथेच होतो. प्रत्येक व्यवहाराला लॉग डिस्कवर पक्का करायला वेळ लागतो. मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट’ नावाची सेटिंग आहे. तिची मूळ किंमत १, म्हणजे प्रत्येक व्यवहार पक्का. ती २ किंवा ० केली की सर्व्हर लक्षणीय पळू लागतो, कारण आता लॉग साधारण सेकंदाला एकदाच पक्का होतो. अचानक वीज गेली तर त्या सेकंदातले, ज्यांची पावतीही निघाली आहे असे व्यवहार नाहीसे होऊ शकतात. हवामानाच्या नोंदींना हे चालेल, ठेवीच्या पावतीला चालणार नाही. पोस्टग्रेसमधली ‘एफसिंक’ बंद करणे तर याहून घातक आहे, कारण त्यात एका सेकंदाचेच नव्हे, संपूर्ण डेटाबेसचे नुकसान होऊ शकते. कुणी एका रात्रीत सर्व्हर दुप्पट वेगवान करून दिला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: यातले काही बदलले आहे का?

वेग कुठे हरवतो

वेगाचा प्रश्न बहुतेक वेळा यंत्राच्या ताकदीचा नसून शोधण्याच्या रीतीचा असतो. जयसिंगपुरात ‘दहावी गल्ली’ सांगितले की नवखा माणूसही सरळ पोचतो. क्रमांक नसते तर प्रत्येक दारावर विचारत जावे लागले असते. सर्व्हरही सूची नसेल तर प्रत्येक ओळ वाचतो.

सूचीची रचना बहुधा बी-ट्री या झाडाची असते. बायर आणि मॅक्रेट या दोघांनी बोइंग कंपनीत असताना १९७० च्या सुमारास ती मांडली. समजा सूचीच्या एका पानावर ५०० नोंदी मावतात. पहिल्या पानावरून ५०० पानांकडे, तिथून प्रत्येकी ५०० पानांकडे वाट फुटते. तीनच पायऱ्यांत ५०० × ५०० × ५००, म्हणजे साडेबारा कोटी नोंदींपर्यंत पोचता येते. सूची नसेल तर तेवढ्याच ओळी एकेक करून वाचाव्या लागतात.

पण सूची क्रमाने वागते. ‘गाव, मग गट क्रमांक’ अशी सूची असेल तर गाव माहीत असल्यावर ती उपयोगी. नुसता गट क्रमांक देऊन सर्व गावांत शोधायला ती फारशी मदत करत नाही. नावाच्या मधल्या अक्षरांवरून शोधले, किंवा तारखेतून आधी वर्ष काढून मग तुलना केली, तर साधी सूची असूनही वापरली जात नाही. शिवाय प्रत्येक सूची म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीला आणखी एक वही लिहिणे. पंधरा सूच्या लावलेल्या तक्त्यात काट्यावरची नोंदच मंदावते. म्हणून आधी ‘स्लो क्वेरी लॉग’ चालू करून कोणते प्रश्न खरोखर वेळ खातात ते पाहावे. मायएसक्यूएलमध्ये त्याची मूळ मर्यादा १० सेकंद आहे. काउंटरवर माणूस उभा असताना १० सेकंद फार होतात, ती एक सेकंदावर आणावी. मग ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा देऊन सर्व्हर तो प्रश्न कोणत्या वाटेने सोडवतो हे बघावे आणि मगच सूची लावावी.

दुसरी जागा स्मरणाची. रॅममधून माहिती उचलायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला अर्ध्या फेऱ्यालाच चार मिलिसेकंदांहून अधिक लागतात. म्हणजे चाळीस हजार पट. रॅमचे काम एका सेकंदाचे मानले तर डिस्कचे अकरा तासांचे. एसएसडीने हे अंतर खूप घटवले, पण पुसलेले नाही. म्हणून वारंवार लागणारी पाने रॅममध्ये असावीत. मायएसक्यूएलचा ‘बफर पूल’ आणि पोस्टग्रेसचे ‘शेअर्ड बफर्स’ हे त्यासाठीच असतात आणि दोन्हींचे मूळ माप बहुधा फक्त १२८ मेगाबाइट असते. ३२ जीबीचा नवा सर्व्हर घेऊन हे माप तसेच ठेवणे म्हणजे मोठे गोदाम भाड्याने घेऊन माल उंबरठ्यावरच रचणे. केवळ डेटाबेससाठी असलेल्या यंत्रावर मायएसक्यूएलला निम्म्यापासून पाऊण रॅमपर्यंत द्यावी; पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्मरणाचाही आधार घेतो, म्हणून तिथे पाव भागापासून सुरुवात करावी.

तिसरी जागा रांगेची. कुणी नोंद दुरुस्तीसाठी उघडली, व्यवहार अर्धवट ठेवला आणि चहाला गेले, तर ती ओळ अडकून राहते आणि तिच्यावर अवलंबून असलेले सगळे थांबतात. सर्व्हर ‘स्लो’ झाला अशी ओरड होते. प्रत्यक्षात तो रिकामा असतो, फक्त वाट पाहत असतो. व्यवहार छोटा असावा आणि माणसाच्या उत्तरासाठी तो कधीही उघडा ठेवू नये, हा नियम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पाळायचा. तसेच महिन्याचा मोठा अहवाल काट्यावर गर्दी असताना काढू नये. बाहेर ट्रॅक्टर उभे असतात, आणि तोडलेला ऊस उभ्या जागी वाळतो, वजनात घटतो. ही घट शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

दार कोणी उघडायचे

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाच्या किड्याने दहा मिनिटांच्या आत जगभरातले बहुतेक असुरक्षित मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर गाठले. अशी सुमारे ७५,००० यंत्रे बाधित झाली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीने सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये दिली होती. ती लावलेली नव्हती, आणि ज्या सर्व्हरचा बाहेरच्या जगाशी थेट संबंध असायचे कारण नव्हते त्यांची दारे इंटरनेटवर उघडी होती. वीस वर्षांनंतरही हे दोनच धडे पहिले आहेत. डेटाबेसचे दार इंटरनेटवर उघडे ठेवू नये. आणि सुरक्षा दुरुस्त्या ठरलेल्या दिवशी, आधी चाचणी यंत्रावर पाहून, लावाव्यात.

दुसरा धोका प्रश्नातच दडून येतो. वेबसाइटवर सभासद क्रमांक विचारला जातो आणि टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवला जातो. कुणी क्रमांकाऐवजी हुकूमच लिहिला, तर सर्व्हर तो मालकाचा समजून पाळतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. कोऱ्या चेकवर सही करून रकमेची जागा समोरच्याला भरू देण्याचा हा प्रकार. उपाय जुना आणि सोपा आहे: वाक्य आधी ठरवून ठेवायचे आणि मूल्य वेगळे पाठवायचे. मग काहीही लिहिले तरी ते मूल्यच राहते, हुकूम होत नाही.

तिसरी गोष्ट अधिकारांची. काट्यावरच्या प्रोग्रॅमला नोंद घालता यावी, पण तक्ता पाडता येऊ नये. अहवाल काढणाऱ्याला फक्त वाचता यावे. सगळ्यांसाठी एकच ‘रूट’ आणि तिचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असेल, तर कोणी काय केले याचा पुरावाच राहत नाही. फेरफार करणारा आणि तो प्रमाणित करणारा वेगळा असतो, यामागचे शहाणपण इथेही हवे.

सर्व्हर मजबूत असूनही त्याला बगल देता येते, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याने दाखवले. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचूच दिली गेली नाही. मधल्या बनावट यंत्रणेने परस्पर ‘होय’ म्हटले. एटीएममधून आणि स्विफ्ट व्यवहारातून मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. खातेदारांच्या खात्यातली शिल्लक विचारलीच गेली नव्हती. म्हणून तक्त्यातली बेरीज आणि बाहेर गेलेली रक्कम यांचा मेळ रोज, वेगळ्या माणसाने घालायला हवा. त्याच ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुसरी प्रत किती दूर?

शिरोळ तालुक्याला महापूर शिकवावा लागत नाही. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्याच आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. इथल्या एखाद्या संस्थेने एक प्रत सांगलीच्या शाखेत आणि एक कोल्हापूरच्या शाखेत ठेवली, तर कागदावर तीन ठिकाणे होतात. पण पुराच्या हिशेबात ते एकच ठिकाण आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दूर, हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. आपल्या भागात ‘दूर’चा अर्थ दुसऱ्या नदीखोऱ्यात असा घ्यावा. शिवाय एक प्रत सर्व्हरला कायम न जोडलेली असावी. खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

आपोआप अद्ययावत होणारा जोडसर्व्हर, म्हणजे रेप्लिका, ही बॅकअप नव्हे. यंत्र बिघडले तर ती उपयोगी पडते. पण चुकून पुसलेली ओळ तीही क्षणात पुसते. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री थकलेल्या अभियंत्याने जोडसर्व्हरऐवजी मुख्य पोस्टग्रेस सर्व्हरवरचीच माहिती पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधले, तर रोजचे बॅकअप कितीतरी दिवस अयशस्वी होत होते, कारण बॅकअपचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता. आणि अपयशाचे इशारे देणारे ईमेल पोचतच नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत निघाली म्हणून कंपनी सावरली. सहा तासांची माहिती गेलीच. कंपनीने हे सगळे उघड लिहिले, म्हणून इतरांना शिकता आले.

म्हणून बॅकअप ‘घेतला’ याला अर्थ नाही, तो ‘परत लावून पाहिला’ याला आहे. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या यंत्रावर पूर्ण प्रत लावावी, त्यावर त्या क्षणापर्यंतचे लॉग चढवावेत आणि दोन आकडे लिहून ठेवावेत: किती वेळ लागला आणि किती व्यवहार परत आले नाहीत. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि विलंबावर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. त्या घड्याळाशी पहिला आकडा ताडून पाहावा. दुसरा आकडा संचालक मंडळासमोर ठेवावा, कारण किती नुकसान सोसायचे हा निर्णय संगणक विभागाचा नाही, संस्थेचा आहे.

वार्षिक सभेत विचारायचे प्रश्न

सभासद वार्षिक सभेत लाभांश विचारतात, नोकरभरती विचारतात. यापुढे आणखी पाच प्रश्न विचारावेत. शेवटची प्रत परत लावून पाहिली ती तारीख कोणती? ती प्रत कुठे आहे आणि २०१९ चे पाणी तिथे आले होते का? सर्व्हरचा पूर्ण अधिकार किती जणांकडे आहे आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे अधिकार काढले का? शेवटची सुरक्षा दुरुस्ती केव्हा लावली? आणि वेग वाढवताना लॉग पक्का करण्याची सेटिंग कोणी बदलली आहे का?

यातल्या एकाही प्रश्नाला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, आणि एकाचेही उत्तर महागडे यंत्र विकत घेऊन मिळत नाही. मुनीम, तलाठी आणि मंडल अधिकारी यांच्या शिस्तीचा पाया एका शंकेवर होता: माणूस चुकेल, कागद भिजेल, कुणी खाडाखोड करील. ती शंका धरूनच त्यांनी नोंदीच्या आधी नोंद आणि लिहिणाऱ्याच्या वर तपासणारा ठेवला. सर्व्हरलाही तीच शंका लागते. ज्या संस्थेत ती कुणीतरी रोज, पगारी कामाचा भाग म्हणून बाळगतो, तिथे शेतकऱ्याच्या वजनाची ओळ उद्याही तशीच सापडेल.